बुडवायचं बटण

डिझायनर: मावशी, बास की आता. किती वेळा बुडवशील ते टेबलावरचं गाव?

मावशी: अगं, पण काय झकास बुडतं. आधी बंदर, मग बाजार, शेवटी टेकाडावरची शाळा. शाळेपाशी पाणी जरासं थबकतं ना, तेव्हा जीव नुसता टांगणीला लागतो. मग गुडुप. पुन्हा दाबू?

संचालक: दाबू द्या हो त्यांना. या दालनात इतकं रमलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

डिझायनर: तेच तर दुखणं आहे, सर. संग्रहालयातलं हवामानबदलाचं दालन आहे हे. समुद्र चढून गाव बुडताना बघून माणूस हादरायला हवा. ही टाळ्या वाजवतेय. माझी सख्खी मावशी, जिला बातम्यांत पूर दाखवला तरी घास उतरत नाही.

मावशी: तो खरा असतो गं.

संचालक: हे बघा, चार वाजता विश्वस्त येतायत. त्यांना आवडलं तर उद्या उद्घाटन. नाहीतर भुसा भरलेली मगर परत या जागेवर. व्हरांड्यात तोंड वासून वाटच बघतेय ती.

डिझायनर: म्हणजे वर्षभर मी मगरीशी झुंजत होते?

संचालक: मगरीने एक शब्दही न बोलता वर्षानुवर्षं गर्दी खेचलीय. तुमच्या त्या तापमानाच्या आलेखासमोर कोणी थांबलंच, तर केस नीट करायला. काच चांगली आहे त्याची.

मावशी: अगं, पाणी उतरत नाहीये.

डिझायनर: उतरेल. मोटर खेचून घेते.

मावशी: एरवी गुरगुरते तरी. आता नुसता जळका वास येतोय.

डिझायनर: गेली मोटर. वायरमनला कळवते मी. मावशी, इतक्या वेळा लागोपाठ कोण दाबतं?

मावशी: तूच म्हणालीस, अगदी प्रेक्षकासारखी वाग.

संचालक: विश्वस्त येतीलच आता आणि गाव पाण्याखाली. मी मगरीवरची धूळ झटकायला सांगतो.

डिझायनर: थांबा, सर. टेबलाखाली हातपंप आहे, सुरुवातीला चाचणीसाठी बसवला होता. मावशी, हा दांडा धर. वर-खाली, वर-खाली. पाणी परत वरच्या टाकीत जाईल.

मावशी: एवढ्या खटपटीत पेलाभर तरी जातं का?

डिझायनर: अर्धा.

मावशी: बटण दाबताना बरं होतं. बोटही दुखलं नाही. साहेब, नुसते उभे काय राहता? या इकडे, माझा खांदा भरून आला.

संचालक: अहो, मी संचालक आहे इथला.

मावशी: असू द्या. मी नाही सांगणार कोणाला.

(संचालक कोट काढून ठेवतात आणि दांडा धरतात. पंप चालत राहतो.)

संचालक: शाळेचं छप्पर दिसलं का हो?

मावशी: कोपरा दिसतोय. आता खिडक्या. पटांगणात झोपाळा पण आहे की गं. बुडवताना दिसलाच नव्हता.

डिझायनर: सगळ्यात आधी तोच केला होता मी.

मावशी: द्या साहेब, आता मी मारते.

संचालक: थांबा, एवढा बाजार वर येऊ द्या.

डिझायनर: सर, वायरमनचा फोन आहे. दुसरी मोटर मिळाली म्हणतो, लगेच येऊन बसवतो. मी त्याला नको म्हणू का? बटण राहू दे, पाणी मात्र ज्याने त्याने पंपाने उपसायचं.

संचालक: लोक तिकीट काढून पंप मारतील? तक्रारी करतील.

डिझायनर: करू देत. तुम्ही मघापासून किती तक्रारी केल्यात?

संचालक: एकच. दांडा फार आखूड आहे. लांब असता तर दोघांना धरता आला असता.

डिझायनर: संध्याकाळपर्यंत लांब करून घेते. सर, विश्वस्तांची गाडी आली. तुमचा कोट.

संचालक: राहू दे तिथेच. त्यांनाही म्हणावं, कोट काढूनच आत या.

मावशी: पण त्यांना आधी बुडताना दाखवायला नको? मी दाबते हं.

संचालक: मावशी, बटणावरचा हात काढा. आत्ता कुठे बाजार कोरडा झालाय.