खिडकीतलं लिंबाचं रोप

(रोपवाटिकेची शेड. ताई पिशव्यांत माती भरते आहे. धाकटी बहीण समोर उभी.)

धाकटी : मूठभरच हवीय गं. मागच्या कोपऱ्यातली.

ताई : कशाला? प्लास्टिक खाणारे जंतू सापडले ना तुला? पेपरात फोटो आला, बाबांनी भिंतीवर लावला.

धाकटी : प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या सगळ्या प्लेटांवर बुरशी चढली. एकही जंतू वाचला नाही. सोमवारी माझा शोध तपासायला माणसं येणार. दाखवायला काही नसेल तर मी खोटारडी ठरेन.

ताई : अरेरे.

धाकटी : मनापासून म्हण तरी!

ताई : नाहीच म्हणत मनापासून. अकरा वर्षं त्या कोपऱ्यातल्या पिशव्यांना भोकं पडतायत, ती कुणी बघितली? मी. पिशवीवाल्याशी भांडले, तीनदा पिशवीवाला बदलला. तू सुट्टीत चार दिवस आलीस, डबीभर माती नेलीस आणि मोठी झालीस.

धाकटी : लेखात आभार मानलेत की.

ताई : ‘एका रोपवाटिकेचे.’ वाचलंय मी. परवा गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही त्या बाईंची बहीण ना? माझ्याच दारात!

धाकटी : चुकलं माझं. आता माती दे.

ताई : नाही उरली. पेपर आला त्या दिवशी दोन बादल्या जंतुनाशक ओतलं तिथे. वरून उकळतं पाणी.

धाकटी : ताई! का पण?

ताई : जळफळाट झाला होता नुसता. दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं. थोडंसं.

धाकटी : संपलं मग. आता बाबांना काय सांगू? सकाळी फोनवर किती खुशीत होते. खिडकीतल्या लिंबाची पिशवी गळते, एवढीच काय ती तक्रार... थांब. पिशवी गळते? ते रोप कुठलं?

ताई : त्याच कोपऱ्यातलं. गेल्या वर्षी मी नेऊन दिलं.

धाकटी : म्हणजे माती आहे! निघते मी.

ताई : बस जरा. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, लिंबू धाकटीनं दिलंय. तू कधी नाही म्हणालीस?

धाकटी : ...नाही.

ताई : का गं?

धाकटी : बरं वाटायचं. फोटो माझा लावतात, पण गुडघा दुखला की हाक तुलाच मारतात. मला कधीच नाही.

ताई : तुलाही जळता येतं तर.

धाकटी : लहानपणापासून.

ताई : जा, ने माती. हवी तेवढी ने. फक्त आधी बाबांना सांग, रोप ताईनं दिलंय.

धाकटी : तू का नाही सांगितलंस इतके दिवस?

ताई : सांगितलं होतं. तू सांगितलंस तर खरं वाटेल त्यांना.