उशाशी छत्री

पेशंट : एक गाऊन पुढून, एक मागून. दोन गाऊन मिळून एक माणूस झाकला. आता हसायचं असेल तर हसून घ्या डॉक्टर, तुमच्या सिस्टर केव्हाच्या पडद्याआड हसताहेत.

डॉक्टर : मी हसत नाहीये, काका. हनुवटी वर करा. आता तोंड उघडा. अजून.

पेशंट : यापेक्षा जास्त मी फक्त जेवताना उघडतो.

बायको : अहो, गप्प बसा ना जरा. त्या भूल देणार आहेत तुम्हाला.

पेशंट : गप्प बसवायलाच देणार आहेत. तुला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्या एका सुईत करतील.

डॉक्टर : मान सैल सोडा. टेप लावते.

पेशंट : मानेचं माप? का, हार घालायचाय?

बायको : शुभ बोला हो काहीतरी!

डॉक्टर : वजन कुणी केलं यांचं?

पेशंट : तुमच्याच काट्यावर केलं. पण तो काटा खोटा आहे, मॅडम. मी वजनमाप निरीक्षक. जन्म गेला दुकानदारांचे काटे तपासण्यात. तुमचाही तिथल्या तिथे जप्त केला असता, पण या गाऊनला खिसा नाही, ओळखपत्र ठेवू कुठे?

बायको : काटा ठीक होता. यांनी खिडकीचा गज धरला होता.

पेशंट : आधाराला.

बायको : लोंबकळत होतात तुम्ही.

डॉक्टर : काका, औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. पुन्हा उभं राहायचंय, हात मोकळे सोडून. आता नीट सांगा, झोपेत घोरता?

पेशंट : छे!

डॉक्टर : काकू?

बायको : नाही म्हणतात ना ते.

डॉक्टर : मी तुम्हाला विचारतेय.

पेशंट : तिला काय विचारता? ती झोपते कुठे धड! रात्रभर कोपराने ढोसते मला. लग्न झाल्यापासून. बरगड्या बघा माझ्या. शेवटी मध्ये लोड ठेवला, तर गेल्या महिन्यापासून छत्री घेऊन झोपायला लागली.

डॉक्टर : छत्री?

पेशंट : लांब दांडीची. लोडावरून पोचते. आज बाहेर एवढं रणरणतं ऊन, तरी घेऊन आलीय बघा. मी मेव्हण्याला स्पष्ट सांगितलं, तुझ्या बहिणीला एकदा दाखवून आण कुणाला तरी.

डॉक्टर : काकू, का ढोसता?

बायको : सवय आहे.

डॉक्टर : कशामुळे लागली?

पेशंट : आता सवयीला काय कारण असतं?

डॉक्टर : काका, एक मिनिट.

बायको : यांनी शपथ घातलीय मला.

पेशंट : अगं!

बायको : घालू देत. मागच्या खेपेला, टेबल पेलायचं नाही म्हणून परत पाठवलंत यांना. ऑफिसात सगळे म्हणाले, साहेबांच्या आधी टेबलाचं ऑपरेशन करा. हे हसले सगळ्यांबरोबर. घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून एकच, आता काही म्हणजे काही सांगायचं नाही, नाहीतर पुन्हा परत पाठवतील.

पेशंट : पाठवतीलच. बघ तू.

डॉक्टर : नाही पाठवणार. मोठं टेबल आणलंय. आणि पित्ताशय पिकलंय तुमचं, आज काढलं नाही तर आतल्या आत फुटेल. परत पाठवायची सोयच उरलेली नाही, काका. म्हणून तर विचारतेय.

बायको : श्वास थांबतो यांचा.

(डॉक्टर टेप गुंडाळून ठेवतात.)

पेशंट : कुणाचा?

बायको : तुमचा. घोरता घोरता एकदम गप्प होता. मग मी ढोसते. मग तुम्ही मोठ्ठा श्वास घेता, माझ्या माहेरचा उद्धार करता, कूस बदलता, आणि पुन्हा तेच.

पेशंट : हे तू मला कधी बोलली नाहीस.

बायको : बोलले असते तर तुम्हीही झोपला नसता. दोघांनी जागून काय करायचं?

डॉक्टर : काकू, तुम्ही ढोसलं नाही तर? आपला आपण सुरू होतो श्वास?

बायको : माहीत नाही. तितका वेळ थांबायची छातीच झाली नाही कधी.

डॉक्टर : काल वॉर्डात?

बायको : काल मला वर थांबू दिलं नाही.

पेशंट : काल शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्रभर मला चप्पल फेकून मारत होता. मला वाटलं, जाड्याची गंमत करतोय. सकाळी भांडलो त्याच्याशी.

बायको : माफी मागा त्याची.

पेशंट : घरी गेला तो. चप्पल इथेच राहिली.

डॉक्टर : ऐका. मान जाड आहे, श्वासाची नळी घालायला वेळ लागेल. मी जोडीला आणखी एक डॉक्टर घेते. उशी उंच ठेवू. मला काळजी आहे ती नंतरची. नळी काढल्यावर हे अर्धवट गुंगीत असतील.

बायको : तेव्हा शेजारी कोण यांच्या?

डॉक्टर : मशीन असतं. श्वास कमी झाला की वाजतं.

बायको : ढोसतं?

डॉक्टर : नाही. वाजतं.

बायको : वाजून काय होणार? गजराला दाद देत नाहीत हे. मला आत घ्या. कोपऱ्यात उभी राहीन, कशाला हात लावणार नाही.

डॉक्टर : नातेवाइकांना तिथे घेता येत नाही, काकू. मी बसेन. कुठे ढोसायचं तेवढं दाखवा.

बायको : इथे. डाव्या बरगडीखाली. हलक्या हाताने नाही. राग आल्यासारखं.

डॉक्टर : असं?

पेशंट : आई गं!

बायको : हां. असं.

पेशंट : ट्रॉली आली वाटतं. किती जण आलेत उचलायला?

बायको : चौघं.

पेशंट : बरोब्बर चौघं. व्वा.

बायको : अहो.

पेशंट : बरं, नाही बोलत. छत्री कुठेय?

बायको : ही काय, हातात.

पेशंट : दाराशीच उभी राहा.

बायको : तिथेच आहे मी. कुठे जाणार?

पेशंट : तसं नाही गं. मॅडमकडे देऊन ठेव, दारापासून पोचायची नाही ती.