स्टुकींच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट

हॅलो?… हॅलो, टूसॉनचंच दुकान ना? सैन्याचं जुनं सामान विकता ते?… हां. अहो, मी मार्लिस स्टुकी बोलतेय, कॅन्ससहून. काल तुम्ही आमच्या घरी फोन केला होता, डोक्याचं माप विचारायला… हो, तेच. क्लेटन स्टुकी. मी त्याची बायको.

नाही, नाही, माप बरोबर दिलं होतं मी. तक्रार मापाची नाही… म्हणजे मापाचीच आहे. अहो, ते हेल्मेट तुम्ही त्याला विकू नका.

विकू नका म्हणजे… विकू नका. याहून सोपं मला सांगता येत नाही.

भरलं खोक्यात? टेप लावली?… पण कुरिअरवाला आला नाही ना अजून? मग झालं तर. टेप काय, निघते.

ऐका ना… समोर गिऱ्हाईक आहे? थांबवा ना त्याला जरा. कोण?… बारवाला? हेल्मेटचा दिवा करायचाय? म्हणजे आतून बल्ब लावून टांगणार?… आणि त्याला हेच आवडलं होतं? अहो, मग त्यालाच द्या की! किती सज्जन माणूस!

नाही, मी प्यायलेली नाही. सकाळचे अकरा वाजलेत. आणि आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. आमच्यात एरवीही पीत नाहीत.

सांगते, सगळं सांगते. नाव काय तुमचं?… लव्हॉन. लव्हॉन, असं आहे, आमच्या क्लेटनने दोन वर्षांपूर्वी एक विमान घेतलं. दोन मजली पंखांचं, लाल. एकच माणूस बसतो, तोही अंग चोरून. धान्याच्या कोठारांचा धंदा आहे आमचा, आयुष्यभर माणूस गव्हाच्या ओलाव्यावर बोलला, आणि एका रविवारी प्रार्थनेहून येताना म्हणतो, मार्लिस, मला उलटं उडायचंय.

हो, हवाई कसरती. गिरक्या, कोलांट्या, सगळं. स्पर्धा असतात म्हणे. बासष्ट वर्षांचा आहे तो!

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं आणि मग मेला असता तोंड पाडून. म्हणून मी अट घातली. म्हटलं, डोक्यावर चांगलं, टणक, उडणाऱ्यांचं हेल्मेट असेल तरच उलटं व्हायचं. तोवर सरळ. आणि तो हो म्हणाला.

अगदी सहज म्हणाला! कारण त्याला वाटलं हेल्मेट काय, मिळेल. पण लव्हॉन, तुम्ही स्टुकी लोकांची डोकी पाहिलेली नाहीत. विचिटाच्या टोपीवाल्याने याच्या बापाला दुकानातून हात जोडून परत पाठवलं होतं. आमच्या लग्नातली हॅट मागून उसवलेली आहे, फोटोत दिसत नाही एवढंच. मोटरसायकलवाल्यांकडे गेला, ते हसले. नवीन शिवायला… बनवायला टाकलं, त्यांनी दोनदा विचारलं, माप नक्की माणसाचंच ना?

मला ठाऊक होतं ना! म्हणून तर ती अट. दोन वर्षं मी निवांत झोपले. आणि आता तुम्ही म्हणता, वायुसेनेत कुणी एक एवढ्या डोक्याचा होता. कसा होता? कशाला होता?

हसू नका. मी इथे हात चोळतेय.

हो… हो… उत्तम दर्जाचं असेल हो. गोळीही लागणार नाही… बरं, लागेल. पण तो काय म्हणणार? अट पुरी झाली. आणि आमच्यात ना, शपथ घ्यायची पद्धत नाही. हो म्हटलं की हो. त्याने त्याचा हो पाळला, आता मला माझा पाळायला लागेल. सोमवारी हेल्मेट येईल, मंगळवारी तो डोकं खाली करून माझ्या टोमॅटोंवरून जाईल.

आत्ता? आत्ता तो शेजारच्या न्यूटन गावी गेलाय, विमानवाल्यांच्या पॅनकेकच्या नाश्त्याला. दर शनिवारी जातो. सरळ जातो, सरळ येतो. म्हणून तर आत्ता फोन केला.

काहीतरी सांगा त्याला. तडा गेलाय म्हणा. तुम्हाला खोटं बोलायला चालतं ना?… मला नाही चालत, म्हणून तर तुम्हाला सांगतेय.

काय? आतला फोम दुसऱ्याच्या डोक्यावर ओतून बसवलेला आहे? म्हणजे त्या पायलटच्या कवटीचा साचाच आत… मग हे बसणारच नाही! हेच सांगा! दुसऱ्याचं डोकं याच्यात… बदलता येतो? काढून नवीन गाद्या लावता? तुम्ही का एवढ्या हुशार आहात, लव्हॉन?

हं… हं… तुमचेही मिस्टर विमानांतलेच? अरेरे. पडले? विमानातून?… शिडीवरून. छपराचं पन्हाळ साफ करताना. चाळीस वर्षं लढाऊ विमानांखाली काम करून. देवा रे.

मग तुम्हाला तर कळतंय. अगं, तुला तर कळतंय ना! मला विधवा व्हायचं नाहीये, लव्हॉन. मला ते जमणार नाही. मला बरणीचं झाकणसुद्धा उघडता येत नाही.

खरंच?… खरंच देतेस त्या बारवाल्याला? अगं, देव तुझं… हो, हाक मार. मार हाक, मी धरते.

दिलं? खोक्यासकट? खूश झाला? होणारच. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी बंदुकीला हात लावला नाही, ती सैन्याची वस्तू बारमध्येच शोभते. अगं, हलकं वाटलं मला. आता तो बसेल गपचूप सरळ उडत.

काय म्हणालीस?

नाही, आधीचं. 'निदान आता तरी'… निदान आता तरी काय?

थांब. थांब जरा. बोडक्या डोक्याने उलटं उडणं सोडेल म्हणजे?

कधी सांगितलं त्याने तुला?… हेल्मेट मागवताना?… उलटा असताना पट्टा सैल राहिला, आणि डोकं काचेवर आपटलं?

अगं, ते टेंगूळ… मला म्हणाला तळघरातल्या फ्रीझरचं झाकण लागलं. मी मटारची पिशवी धरून बसले होते त्याच्या डोक्यावर. मी झाकणाला नावं ठेवली!

नाही, तू नाही चुकलीस. तुला काय ठाऊक. तुला वाटलं मला सगळं… बोल. बोल, मी उभी आहे. कधीपासून?

गेल्या वसंतापासून.

दर शनिवारी? कुठे? त्यानेच सांगितलं?… डेल्मर गोअरिंगच्या कुरणावर? अगं, डेल्मर आमचा शेजारी आहे! चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो! तो खुर्ची टाकून खालून बघतो? खाली कुणीतरी बघणारा असावाच लागतो म्हणून… वा. नियमाला पक्के आहेत दोघं.

आणि मी म्हणते, एवढे पॅनकेक खाऊन हा माणूस घरी येऊन दोन सँडविच कशी खातो!

नाही, रडत नाहीये. बाहेर इंजिनाचा आवाज येतोय त्याने… थांब. लव्हॉन, बाहेर इंजिनाचा आवाज येतोय. दर शनिवारी येतो हा. मला वाटायचं, गोअरिंगच्या गव्हावर फवारणीचं विमान आलंय. फवारणी! वर्षभर! काय फवारतात असं मी एकदाही विचारलं नाही. दुसरी कुणी असती तर खिडकीत गेली असती. आमच्यात एकदा हो म्हटलं की मागे जाऊन बघायची सवयच नाही गं…

जिना चढतेय. वरच्या खिडकीतून दिसतं कुरण.

लाल आहे.

लव्हॉन, ते हेल्मेट परत घे.

परत घे म्हणजे परत घे! तो बोडका आहे! माझी अट त्याला खाली ठेवत नव्हती गं, फक्त बोडकं ठेवत होती. मी त्याचं डोकं… वर्षभर मीच… कुठे आहे बारवाला? गाडीत बसला? पळ! अगं पळ ना! गुडघा राहू दे! फोन ठेव तिथेच, पण पळ!

लव्हॉन?… गेली.

वर चालला… नाक वर, अजून वर… कुणी सांगितलंय एवढं… आता उलटा. देवा, पोट वर आणि डोकं खाली, बासष्ट वर्षांचं डोकं. पट्टा आवळलास का रे? आवळला असशील ना? सरळ हो. क्लेटन, सरळ हो, गाढवा… झाला. झाला सरळ. आता पुन्हा कशाला?… पुन्हा कशाला वळतोस… आणि तो डेल्मर टाळ्या वाजवतोय. येऊ दे त्याला उद्या थाळी घेऊन.

बरा उडतो मेला. हे बघणं मला जड जातंय, पण बरा उडतो.

हॅलो? लव्हॉन?… कोण? तुम्ही दिवेवाले?

अहो साहेब, मी मघाची बाई. हो, मीच म्हणाले तुम्हाला द्या म्हणून. मघाशी मी मूर्ख होते. आत्ताच शहाणी झालेय, अजून धाप लागलीये… तुम्ही घेतलंत ते माझ्या नवऱ्याचं डोकं आहे. म्हणजे त्याच्या मापाचं. अख्ख्या अमेरिकेत एकच आहे हो. तिथे शेल्फवर लहान मापाची असतील की ढीगभर. दिव्याला काय, कुठलंही डोकं चालतं. बल्बला कुठे टेंगूळ येतं?

नाही, तो आत्ता वर आहे. आत्ता, मी बोलतेय तेव्हा. उलटा. हा बघा आवाज, खिडकीशी फोन धरते… ऐकलंत? त्या आवाजाच्या टोकाला माझा माणूस लटकलाय, टकलासकट.

हो… हो?… परत देता? तुम्ही फार… देव तुमच्या बारचं भलं करो. आम्ही येणार नाही तिथे, पण भलं करो.

लव्हॉन, तू घेतलास फोन? टेप लाव. दुप्पट लाव. तो दुसऱ्याच्या डोक्याचा फोम काढ, आणि गाद्या नीट बसव, टोचायला नको कुठे, नाहीतर काढून मांडीवर ठेवील… वायर? सैन्याची वायर आमच्या रेडिओला चालत नाही? मग बदल. बदलून पाठव. त्याला डेल्मरचं ऐकू यायला हवं, एरवी डेल्मरचं ऐकण्यासारखं काही नसतं, पण उलटं असताना यायला हवं.

तोवर? तोवर मी चाकांतली हवा सोडते. दोन्ही. पंप लपवायची जागा आहे माझ्याकडे. नाही, ते खोटं बोलणं नाही झालं. बोलणारच नाहीये मी काही.

आणि लव्हॉन, मी फोन केला होता हे त्याला सांगायचं नाही… का म्हणजे? अगं, चोरून उडतोय तोवर डेल्मर एकटाच बघतोय. खोकं आलं तरी मी तोंडाने हो म्हणणार नाही; हो म्हटलं की हा अख्खं चर्च आणून बसवेल खुर्च्यांवर, आणि मग त्यांना दाखवायला अजून खाली येईल. त्याला ओळखते मी. चोरी आहे तोवर तो जपून आहे.

हो. सोसेन की. तू नाही सोसलंस?… हं.

थांब, आवाज बदलला… खाली येतोय. आमच्याच शेतातल्या धावपट्टीकडे. सरळ आहे. पोप्लरच्या झाडांवरून… टेकला. उडाला जरासा, पुन्हा टेकला. थांबला. काच वर केली… डोकं दिसतंय. आहे जागेवर.

लव्हॉन, आता ठेवते. विमान आत ढकलून दार लावायला त्याला लागतो तेवढाच वेळ आहे मला तोंड धुवायला.