मॅडमचं गाणं आणि माझं बटण

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगतो. मी बहारीनला एका सभागृहात इलेक्ट्रिशियन आहे. एकदा आमचा लाइटवाला आजारी पडला, तेव्हा सुपरवायझर अब्बास मला म्हणाला, "आज तू बैठ. मॅडम का गाना खलास, तो लाइट बंद."

मॅडम इटलीच्या. तीनशे वर्षं जुन्या ऑपेरातलं गाणं एकट्याच गाणार होत्या.

गाणं दुःखाचं होतं, एवढं भाषा न कळताही समजलं. पहिला भाग झाला, मग चाल बदलली, शेवटी मॅडम थांबल्या आणि त्यांनी मान खाली घातली. मी लाइट बंद केले.

काळोखातून तीच पहिली ओळ पुन्हा सुरू झाली.

मॅडम चुकल्या म्हणून परत गातायत, की माझ्यावर चिडून? आता लाइट लावले तर आणखी तमाशा. बटणावर बोट ठेवून तसाच बसलो. ओळी त्याच, पण आता त्यात केवढ्या हरकती. सभागृहात कोणी खोकतही नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्यावर लाइट लावले आणि नोकरी गेली असं धरून लाइटच्या केबिनमधून खाली उतरलो. मॅडम अब्बासशी बोलत उभ्या होत्या.

"पहला हिस्सा दोबारा गाते हैं, ये गाना ऐसा ही है," अब्बास म्हणाला. "तूने बीच में बंद किया."

"सॉरी. कल से नहीं बैठूंगा."

"बैठना है. मॅडम बोलती है, अंधेरे में लोगों ने ज्यादा ध्यान से सुना. कल भी वहीं बंद करना."

चूक एकदा आपोआप झाली होती. तीच दुसऱ्या दिवशी वेळेवर कशी करायची, हे मात्र मला कोणी सांगेना.