तेविसाव्या पानावरची चिठ्ठी

नको नको, खुर्ची नको ताई—एकदा बसलो की उठायला वेळ लागतो, आणि वेळच नाहीये माझ्याकडे. उभ्यानेच बघतो. त्या शिलाई मशीनवाल्याने सांगितलं, जुन्या यंत्रांची पुस्तकं हवीत तर या बाईंकडे जा, म्हणून दोन बस बदलून आलो. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, एका सिलिंडरचं, दोरी ओढून चालू करायचं—हां, तेच, तेच ते! राखाडी पुठ्ठ्याचं. थांबा, आतली पानं उघडू नका. आधी नंबर बघू, मुखपृष्ठाच्या आत छापलेला असतो, कुठपासून कुठपर्यंतच्या इंजिनांना लागू ते. आमचं अडतीस हजारांतलं आहे. आणि नंबर इंजिनाच्या झाकणावरचा बघायचा बरं का, खालच्या पत्र्यावरचा नाही. पत्र्यावरचा नंबर यंत्राचा, झाकणावरचा इंजिनाचा. लोक वाकायचा कंटाळा करतात, पत्र्यावरचा उतरवून आणतात आणि भलतंच पुस्तक घेऊन जातात. भलेभले फसतात त्यात. किती वाजले? अडीच. मग ठीक आहे, आहे अजून वेळ.

इतिहास? अहो, इतिहास तोंडपाठ आहे मला. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, तिथे आता गोदामं आहेत—जाऊन आलो ना मी! रखवालदार म्हणाला, काय बघताय, म्हटलं भिंत बघतोय, तुझं काय जातंय? तिथे नकाशे काढणारा एक म्हातारा होता, त्याचा पत्ता मिळवला, तीन पत्रं धाडली, तेव्हा कुठे उत्तर आलं, कापऱ्या अक्षरात. पहिली चाळीस हजार इंजिनं साध्या बुशवर, म्हणजे धातूच्या नुसत्या नळीत फिरायची म्हणून त्यांना तेल जास्त लागायचं—सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल. पुढच्यांना बेअरिंग बसवले, त्यांना पंचवीसला एक पुरतं. मग तुमचं सोळाचंच की, असं म्हणाल तुम्ही. सगळे तेच म्हणतात! पण कारखान्याचं असं सरळ नसतं हो. छापल्यावर काहीतरी बदलतात, मग पानावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवतात. काही प्रतींमध्ये आहे तशी चिठ्ठी, तेविसाव्या पानावर, आकृतीच्या खाली. कोणी सांगितलं? सांगितलं कोणीतरी. म्हणजे—आता नाव नाही आठवत, पण कोणी सांगितल्याशिवाय मी म्हणेन का?

पान कसं ठाऊक म्हणजे... बरं, विचारलंतच तर सांगतो. पुस्तक आहे माझ्याकडे. एक नाही, चार आहेत. हसा, हसा, घरात पण हसतात. आमची ही म्हणते, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा. पण चारांतल्या एकातही चिठ्ठी नाही, सोळाच छापलंय, मग पाचवं बघायला नको? पहिलं पोस्टाने आलं होतं, नऊ वर्षं झाली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्र नाही, काही नाही. तेविसाव्या पानाचा, तेलाचं माप दिलंय त्या पानाचा, कोपरा तेवढा दुमडलेला. आणि पुडक्याला सुतळी होती, तिची गाठ बघितली मी—चालू करायच्या दोरीच्या टोकाला मारतात ना, तशी, दुहेरी. तशी गाठ एकच माणूस मारतो. आमचा धाकटा. माझा भाऊ हो. मी पोच दिली नाही. काय द्यायची? पत्ता तरी कुठे लिहिला होता त्याने? म्हणजे मला पत्ता ठाऊक होता, तो भाग वेगळा.

दोघांचं मिळून दुकान होतं आमचं. शाळांची मैदानं, दवाखान्याची बाग, सगळ्यांची यंत्रं आमच्याकडे. मी नंबर उतरवणार, पुस्तक शोधणार, डब्यावर माप लिहिणार. आणि धाकटा हाताने कामाचा. नाक तर असं की धुराचा वास घेऊन माप सांगायचा, दादा, तेल कमी पडलंय! मला रागच यायचा त्याचा. थोरला मी, शिकवलं मी, आणि हा मला वासावरून शहाणपण सांगणार! ते इंजिन आलं तेव्हा मी डब्यावर लिहिलं, पंचवीसला एक. हा म्हणाला, दादा, सोळा असेल, आवाज जुन्याचा आहे. मी म्हटलं, पुस्तकात बघितलंय, तू गुमान ओत. ओतलं बिचाऱ्याने. भर उन्हात, शाळेचं मैदान अर्धं कापून झालेलं, दुसऱ्या दिवशी सामने—आणि इंजिन जाम. मुख्याध्यापक उभे, दोन मास्तर उभे, माळी उभा. आणि मी काय बोललो? बोट दाखवून म्हणालो, याने माप चुकवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. डब्यावर माझ्या हातचं लिहिलेलं होतं, नुसता डबा त्याने उचलून दाखवला असता तरी माझं तोंड बंद झालं असतं. पण नाही. झाकण लावलं, नळावर हात धुतले आणि गेला. परत दुकानात आला नाही, घरी आला नाही. बावीस वर्षं!

कुठला नंबर? ...काय नजर आहे हो तुमची. हो, पत्र्यावरचा. पत्र्यावरचाच उतरवला होता मी. वाकलो नाही, पुरे? पण म्हणून पंचवीस चूकच होतं असं थोडंच आहे! चिठ्ठी मिळाली की—किती वाजले? तीन? आत्ता तर अडीच होते!

सांगतो, घाई का ती. परवा पुतणीचा फोन आला. म्हणाली, काका, बाबांना कायमचं माझ्याकडे घेऊन चाललेय, लांब आहे आमचं गाव, आता या बाजूला येणं होणार नाही. एकदा ते इंजिन चालू झालेलं ऐकायचंय म्हणतात. चार वाजता तुमच्या दारात गाडी थांबवते, दहा मिनिटं. ते म्हणजे कोणतं, मी विचारलंसुद्धा नाही. शाळेने भंगारात काढलं तेव्हा मीच उचलून आणलं होतं. दोन रात्री जागून खोललं, नव्या रिंगा टाकल्या, सगळं चकचकीत केलं. बुश? आहे ना, बुशच आहे आत. या डोळ्यांनी बघितला. आता उरलंय काय, तर पेट्रोल. सकाळी दोन लिटरचा डबा भरून ठेवला, पंचवीसच्याच मापाने. हात तसाच गेला. आणि मग बसलो त्या डब्याकडे बघत. कारण धाकटा येणार, मी दोरी ओढणार, पहिला धूर सुटणार, आणि त्याला कळणार. तोंडाने काही बोलायची सोय नाही, ताई. पंचवीस ओतलं तर मी अजून तोच आहे हे त्याला कळेल, आणि सोळा ओतलं तर—सोळा ओतलं तर बावीस वर्षं मला माहीत होतं, हे कळेल. म्हणून म्हटलं, चिठ्ठी मिळाली तर बघावं. निदान दाखवायला काहीतरी हातात असेल.

उघडा आता. नाही, तुम्हीच उघडा, माझे हात तेलकट आहेत. एकवीस... बावीस...

आहे! आहे की हो चिठ्ठी! बघा, म्हटलं नव्हतं? डकवलेली आहे, पिवळी पडलीय, पण आहे! चष्मा—राहू दे चष्मा, तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा.

परत वाचा.

दोरी डावीकडून नव्हे, उजवीकडून गुंडाळावी. एवढंच? मागे काही? नीट बघा, खाली, तेलाच्या ओळीवर काही... सोळा. हं. सोळाच.

हसू येतंय मला, ताई. कारखान्याने दोरीची चूक कबूल केली बघा. पान छापून झालेलं, कोणी विचारलं नव्हतं, तरी बसून एकेका प्रतीत चिठ्ठी डकवली.

नको, बांधू नका. चार आहेत घरी. डब्यात आणखी तेल घालायचं, सकाळी घातलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, ढवळायचं, झालं. किती वाजले? सव्वातीन! आणि दोन बस! तुम्ही पण ना, बोलण्यात गुंतवून ठेवलंत मला, तुमच्यामुळे उशीर झा—

नाही. माझ्यामुळे. माझ्यामुळेच झाला उशीर.

सरका, ताई. जाऊ द्या मला.