रेन्काची चिमणी

नांदेडच्या बसस्टँडवर भोकरच्या गाडीची वाट बघत होतो. माझ्यापुढं एक कॉलेजातली पोरगी धावत येऊन तिच्या मावशीला बिलगली.

"मावशी, जिंकले! फायनल जिंकले!"

"पत्त्यांची? आपल्या कार्टूनातली रेन्का खेळती, त्या खेळाची?"

"हाव, तीच! समोर शेवटच्या वर्षाचा रविकांत. तीन वर्षांत एकदा बी हरला न्हाई."

"आगं बाई! मग?"

"माझ्या हातात एकच पत्ता राहिलता. चिमणी."

"सगळ्यात कमजोर!"

"तो हसून म्हणला, 'समीक्षा, हार मान.' घाबरून मी मानणारच होते."

"मेला! पुढं सांग."

"मला रेन्का आठवली. घाबरली की ती समोरच्याच्या डोळ्यांकडं बघती. मी बी बघितलं. त्याची नजर सारखी एकाच झाकलेल्या पत्त्यावर."

"सापळा!"

"हाव! अन् चिमणी कुणाला मारत न्हाई, पण झाकलेला पत्ता उघडा पाडती. मी टाकली चिमणी. सापळ्यातला अजगर उघडा पडला, अन् उघडा पडलेला सापळा लावणाऱ्यावरच उलटतो!"

"अय्यो! शाब्बास माझी वाघीण!"

"हळू मावशी, लोक बघून राहिलेत."

"बघू दे! त्याचं तोंड कसं झालं?"

"आधी पांढरं. मग उठला, हात मिळवला अन् म्हणला, 'मला बी शिकव.'"

"शिकवशील?"

"आधी तुला."

"मला? चल, काढ पत्ते!"

"मावशी, भोकरची गाडी सुटली!"

"जाऊ दे गं, दुसरी येईल. वाट पत्ते."

गाडी माझीही होती, पण मीही त्यांचे पत्ते बघत तिथंच थांबलो.