सुंदरीच्या आजाराची बातमी कोणी फोडली, याबाबत पुरवणी जबाब

नाव: वसुमती, पती बाळकृष्णराव. वय: ६२ वर्षे. व्यवसाय: निवृत्त इंग्रजी शिक्षिका. राहणार: राजवाड्यामागील गल्ली, तंजावूर.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते ते असे:

माझी मैत्रीण सुंदरी आणि मी इथल्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसत होतो. दुपारी चिंचेखाली डबा खाताना सिस्टर जवळून गेल्या की आम्ही त्यांच्या मिशीबद्दल मराठीत बोलायचो. सिस्टर हसून पुढे जायच्या. घराबाहेर आपली भाषा म्हणजे कुलूप, हे मी तेव्हापासून धरून चालले. या गोष्टीचा तक्रारीशी संबंध काय, असे हेड कॉन्स्टेबल भवानी यांनी विचारले. आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी ती लिहून घेतली. त्यांच्या घरीही मराठी बोलतात. मी उच्चारलेले शब्द जसेच्या तसे नोंदले जावेत म्हणून हा जबाब मराठीत आहे. तमिळ तर्जुमा सोबत जोडावा.

सुंदरी विधवा असून जवळच्या तिरुवैयारुत आपल्या घरी मुलांचा पाट्टु क्लास, म्हणजे गाण्याचा वर्ग, चालवते. पोट त्यावरच आहे आणि सोबतही त्या मुलांचीच. तिच्या मानेत गाठ आल्याने त्या गाठीचा तुकडा इथल्या लॅबमध्ये तपासायला दिला होता. त्यानंतर तिचा आजार गावभर झाला आणि एकेक करून सगळी मुले यायची थांबली.

म्हणून गेल्या महिन्यात मी याच ठाण्यात लॅबविरुद्ध तक्रार दिली. तीत लिहिले होते, की रिपोर्ट काउंटरवर उघडे पडलेले असतात, कॉम्प्युटरचा पडदा बाहेरच्यांना दिसतो, सगळे कर्मचारी एकच पासवर्ड वापरतात, आणि प्रवीणकुमार नावाचा कर्मचारी स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सॲपने रिपोर्ट पाठवतो. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते आजही खरे आहे. त्याची चौकशी व्हावी. परंतु सुंदरीचा आजार यांपैकी कशानेही बाहेर गेलेला नाही.

माझ्या तक्रारीवरून लॅबने प्रवीणकुमारला घरी बसवले. ठाण्याच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला होता, "मॅडम, त्या अम्मांचा रिपोर्ट मी कुणालाही पाठवला नाही. कागद तुमच्याच हातात दिला." सुंदरीला हे सांगितले तेव्हा तिने माझा हात धरून म्हटले, "तू आहेस म्हणून गे, वसू. माझ्यासाठी आणखी कोण भांडेल?"

गेल्या रविवारी मी तिरुवैयारुला मणीअम्मांच्या घरी गेले आणि सुंदरीची मैत्रीण, निवृत्त शिक्षिका, अशी ओळख दिली. त्यांच्या नातीने सर्वांत आधी क्लास सोडला होता. हा आजार दुसऱ्याला लागणारा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, हे मी त्यांना समजावले आणि तुम्हाला ही बातमी कोणी दिली, असे विचारले.

त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "काय टीचरम्मा, थट्टा करता? तुम्हीच तर सांगितलंत."

मी म्हटले, मी तर तुम्हाला ओळखतही नाही.

"मी त्या लॅबमध्ये साखर तपासायला आले होते. तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरीसुद्धा पास होत असतील हो, असा आवाज! तुमची भाषा मला येत नाही. पण सुंदरी म्हणालात, तिरुवैयारु म्हणालात, पाट्टु क्लास म्हणालात. आणि सयरोगम म्हणालात. माझे सासरे सयरोगमनं गेले. तो शब्द मला कळणार नाही?"

त्यांनी सुनेला सांगितले, सुनेने शेजारणीला. त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी घडले ते असे. सुंदरीला धीर निघेना, म्हणून तिने मला लॅबमधूनच फोनवर रिपोर्ट वाचायला सांगितले. तिला एका कानाने कमी ऐकू येते. बाहेर ऊन होते, म्हणून मी आतच बसून बोलले. आसपास लोक आहेत हे मला माहीत होते. म्हणूनच मी टीबी म्हटले नाही, ते कोणालाही कळले असते. माझे शब्द असे होते: "ऐकत्येस का गे सुंदरी? क्षयरोग आहे. क्षयरोग! गाठीतला. आता तिरुवैयारुचा पाट्टु क्लास बंद ठेव चार दिवस, विश्रांती घे." तिला पहिल्यांदा ऐकू आले नाही, म्हणून मी सगळे पुन्हा सांगितले.

आपला हा शब्द तमिळ घरांतली वडीलधारी माणसेही सयरोगम म्हणून वापरतात, हे मला माहीत असायला हवे होते. मी याच गावात जन्मले. ठाण्यात तक्रार देताना मी दुसऱ्यांच्या पडद्याबद्दल आणि पासवर्डबद्दल लिहिले. माझ्या खुर्चीबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मीही आठवून पाहिले नाही.

माझ्यावर दबाव नाही. पतींनी वकिलांना विचारून मग बोल असे सुचवले होते. मी थांबले नाही.

या जबाबाची एक प्रत लॅबच्या मालकांना द्यावी, म्हणजे प्रवीणकुमारला परत कामावर घेता येईल. त्या प्रतीत आजाराचे नाव झाकावे. दुसरी प्रत प्रवीणकुमारला त्याच्या आईसमोर द्यावी, कारण तिच्या मुलाबद्दल जे बोलले गेले ते तिनेही ऐकले आहे. त्या प्रतीतही नाव झाकावे. मणीअम्मांना प्रत नको. आजार लागणारा नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी मी त्यांना सुंदरीला विचारूनच दाखवीन, आधी नाही.

सुंदरीची प्रत टपालाने पाठवू नये, फोनवर तर मुळीच नाही. ती माझ्या हाती द्यावी. मी बसने जाऊन, तिच्या घरी, दार लावून, तिच्या चांगल्या कानाशी बसून ती वाचून दाखवीन.

वरील मजकूर हेड कॉन्स्टेबल भवानी यांनी, माझ्या विनंतीवरून, खोलीतील इतरांना बाहेर थांबवून हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: वसुमती